तिसरी टिक येत नसते

‘उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन कॉलचे नवीन नियम लागू होणार आहेत’ या वाक्याने सुरू होणारा मेसेज तुम्हाला अजून आला नसेल, तर तुम्हाला नातेवाईक नाहीत एवढंच म्हणता येईल. मजकूर थोडक्यात असा: सगळे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुक-ट्विटरवर नजर राहणार, तुमचा फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार, आणि सरकार किंवा पंतप्रधानांविरुद्ध काही पाठवाल तर वॉरंटशिवाय अटक. त्याखाली टिक्सचा तक्ता. दोन निळ्या म्हणजे मेसेज वाचला. तीन निळ्या म्हणजे सरकारने दखल घेतली. दोन निळ्या एक लाल, तर सरकार कारवाई करू शकतं. एक निळी दोन लाल, तर तुमची माहिती तपासली जातेय. तीन लाल झाल्या की कोर्टाचं समन्स निघालंच म्हणून समजा. शेवटी अर्थातच ‘सर्वांना पाठवा’. हा ‘उद्या’ कित्येक वर्षं उजाडायचा राहिलाय. खुद्द केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’ने हा मेसेज खोटा असल्याचं अनेकदा जाहीर केलंय. तरी तो मरत नाही.

परवा तो आमच्या आत्याकडे पोचला, म्हणून हा खटाटोप. तिने वॉर्डाच्या ग्रुपवर नळाला पाणी नसल्याची तक्रार टाकली होती, टँकरपुढे लागलेल्या हंडे-कळशांच्या रांगेच्या फोटोसकट. रात्री तिचा फोन. “अरे, दोन निळ्या झाल्यात. तिसरी यायच्या आत डिलीट करू का?” मी समजावेपर्यंत तिने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबलंही होतं.

तर आधी टिक्सचंच बघू, कारण मूर्खपणाचा कळस तिथे आहे. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर पोचला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला. निळ्या झाल्या म्हणजे त्याने चॅट उघडलं. ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी उघडल्याशिवाय त्या निळ्या होतच नाहीत. ही वाचल्याची पावती समोरच्याचा फोन पाठवतो, आणि एकेकट्याशी चाललेल्या चॅटमध्ये ती बंदही करून ठेवता येते. यात सरकार आलं कुठून? तिसरी टिक दाखवायची तर ती अ‍ॅपमध्ये बसवावी लागेल, आणि अ‍ॅप मेटा कंपनीचं आहे, गृहखात्याचं नाही. बरं, घटकाभर धरून चालू की बसवली. कुठलं सरकार संशयिताला रंगीत खुणा पाठवून ‘तुमची माहिती तपासतोय बरं का’ असं कळवेल? धाड टाकायच्या आधी पोलिसांनी ‘निघालोय, चहा टाका’ असा फोन करण्यातला प्रकार.

शिवाय एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. मजकूर तुमच्या फोनवर गुप्त लिपीत बदलला जातो आणि समोरच्याच्या फोनवर उलगडतो. मधल्या सर्व्हरवरून जाते ती निव्वळ गिचमिड, कारण ती उलगडायच्या चाव्या दोन टोकांच्या फोनमध्येच असतात. प्रत्येक मेसेज वाचून सरकार त्यावर रंग देऊ शकत असतं, तर केंद्र सरकार आणि हीच कंपनी २०२१ पासून दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर उभे राहिले नसते. त्या भांडणाकडे येतोच.

‘फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार.’ कुठल्या मंत्रालयाच्या, ते मेसेज सांगत नाही. आपल्या मुंबईच्या मंत्रालयात एक फाइल दुसऱ्या टेबलाला जोडायला किती दिवस लागतात, हे ज्याने हेलपाटे घातलेत त्याला विचारा. पुढे.

‘सगळे कॉल रेकॉर्ड होणार.’ इथे अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तुम्ही कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याची नोंद, पोलीस जिला सीडीआर म्हणतात ती, टेलिकॉम कंपन्यांना किमान दोन वर्षं जपावी लागते. आधी एक वर्ष होती, २०२१ च्या अखेरीस मुदत वाढवली. पण त्यात तुमचं बोलणं नसतं. बोलणं ऐकायचं तर त्या फोनपुरता गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो, तोही मुदतीचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात ही चौकट घालून दिली. चौकट दरवेळी पाळली जाते का, हे विचारायला हरकत नाही, विचारलंच पाहिजे. पेगॅसस या फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचं २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेच सांगितलं. त्यांत आपल्याकडचे पत्रकार आणि कार्यकर्तेही होते. ती खरी पाळत. ती थेट फोनमध्ये शिरली, आणि कोणाच्या स्क्रीनवर लाल टिक आली नाही.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं तो मुद्दा: सरकारविरुद्ध बोलाल तर वॉरंटशिवाय अटक. महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे वाक्य पुढे ढकलण्याआधी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळं बंद राहिलं. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि याच प्रकारातून एक तरुण विद्यार्थिनी ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी तुरुंगात टाकणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. तो श्रेया सिंघल खटला. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम आख्खंच रद्द केलं. चर्चा करणं, एखादी बाजू मांडणं, ती लोकांना कितीही नावडती असली तरी, हा घटनेने दिलेला हक्क आहे. चिथावणीपर्यंत गोष्ट गेली तरच राज्याला हात घालता येतो, असं त्या निकालात स्वच्छ लिहिलंय. पाणी येत नाही, रस्ता खचलाय, अमुक मंत्री झोपलाय का, यातलं काहीही गुन्हा नाही. कायद्याने ही वाट निदान कागदावर मोकळी केली, आणि आपण मात्र एका फॉरवर्डच्या धाकाने स्वतःच तोंडाला कुलूप लावून बसतो.

‘निदान कागदावर’ म्हणालो, कारण रद्द झालेलं तेच कलम लावून पोलीस पुढेही गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवलं, मग गृह मंत्रालयाने राज्यांना ते थांबवायला सांगितलं. इतर कलमं शिल्लक आहेतच, आणि उत्साही फौजदारांना ती सापडतातही. पण असे गुन्हे दाखल होतात कसे? ग्रुपमधलाच कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि पोलीस ठाण्यात जातो. एन्क्रिप्शन तुम्हाला तुमच्याच ग्रुपमधल्या माणसापासून वाचवत नाही.

याच मेसेजच्या शेपटाला कधीकधी ‘ग्रुप अ‍ॅडमिनला जेल’ हेही चिकटलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्यांचा आधीपासून संगनमताचा इरादा असेल तर गोष्ट वेगळी. झालं.

आता केंद्र सरकार आणि कंपनीचं ते दिल्ली उच्च न्यायालयातलं भांडण. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने आयटी नियम जाहीर केले. त्यातला नियम ४(२) म्हणतो की ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीला, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला तर, एखादा मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला ते शोधून देता आलं पाहिजे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांपुरतं, आणि मजकूर उघड करायची गरज नाही, असंही त्यात आहे. हा आग्रह हवेतून आलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेसाठी फिरणारे ते लोक. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. ती कोणी सोडली, असं सरकारने विचारलं तर त्यात चूक काय?

चूक मागणीत नाही, उपायात आहे. उद्या कुठल्या मेसेजचा उगम विचारला जाईल ते आज कोणालाच माहीत नाही. म्हणजे तो सांगायची सोय ठेवायची तर सगळ्यांच्या सगळ्या मेसेजचा माग आधीपासून जपायला हवा. सरकारनेच त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपचे भारतातले वापरकर्ते ५३ कोटी सांगितले होते. काही गुन्हेगारांसाठी ५३ कोटींच्या पाठीमागे खूण लावायची? शिवाय मेसेज परदेशातून आलेला असेल, तर भारतात तो पहिल्यांदा पाठवणाऱ्यालाच मूळ पाठवणारा धरायचं, अशी तरतूद आहे. म्हणजे न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेला मजकूर इथे सर्वात आधी पुढे ढकलणारी मावशी कागदोपत्री त्याची जन्मदाती. कंपनी मे २०२१ मध्ये कोर्टात गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ. कंपनीची आरती ओवाळायचं कारण नाही. मजकूर दिसत नसला तरी कोण कोणाशी बोलतं याची बरीच माहिती तिच्याकडे असते, आणि २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. तरी या एका मुद्द्यावर ती बरोबर आहे, असं माझं मत.

राईनपाड्यानंतर प्रत्यक्षात बदललं ते साधंच. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली, पुढे फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण आली, आणि २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. टिक्सच्या तक्त्याच्या डोक्यावर ते दोन बाण झळकत असतात. ते मात्र कोणी बघत नाही.

राहिला प्रश्न, मग बातम्यांमध्ये लोकांची चॅट्स येतात कुठून? जप्त केलेल्या फोनमधून किंवा बॅकअपमधून. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होत नाही. ती सोय २०२१ मध्ये आली आणि ती आपण स्वतः चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण तो विसरलात तर बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडून देता येत नाही.