शाळा दत्तक घ्या, कडी तेवढी सोडून

निवडून आलात, अभिनंदन! पेढे वाटून झाले असतील तर आता वॉर्डातल्या नगर प्राथमिक शाळेशी संबंध दृढ करायला घ्या. भिऊ नका, त्यासाठी शाळेत फारसं जावं लागत नाही.

मुहूर्त जूनचा. २००३ पासून गुजरातभर शाळा प्रवेशोत्सव होतो, आपल्या बडोद्यातही. पहिलीतल्या पोराला कुंकू लावा, दप्तर हातात द्या, पण फोटो निघेपर्यंत दप्तराचा एक बंद आपल्या मुठीत राहू द्या. पोर रडत असेल तर जवळ घ्या. नाक आधी मास्तरीणबाईंकडून पुसून घ्या.

मग पाण्याची टाकी. आपल्याकडे १९ वॉर्ड आणि वॉर्डामागे चार नगरसेवक, म्हणजे एका टाकीवर चार नावं हक्काचीच. वर महापौर, आमदार, ‘प्रेरणास्थान’ वगैरे. फलक टाकीवर मावेना तर टाकी वाढवू नका, अक्षरं बारीक करा. एका शाळेत (नाव नको, माझी भाची तिथं शिकते) फलक ग्रॅनाइटचा आहे आणि नळ प्लॅस्टिकचा. नळ सुतळीनं बांधलाय. ग्रॅनाइट मात्र शिपाई रोज पुसतो.

भाषणात महाराज हवेतच. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. समोर दांडिया बाजारची मराठी मंडळी असतील तर ‘आपले महाराज’ म्हणताना आवाज जरा दाटू द्या. एक तपशील तेवढा गाळा: पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महाराज दंड करायचे. दंडाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारणारच, ‘साहेब, तुमचा नातू कुठल्या शाळेत?’ आणि नातू तर नेमका त्याच वेळी एसी बसमधून ‘इंटरनॅशनल’कडे निघालेला असतो.

शिक्षणहक्काच्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे एसएमसीत, लोकप्रतिनिधीची जागा ठेवली आहे. एसएमसी म्हटल्यावर तुम्हाला सुरत महानगरपालिका आठवली असेल तर काळजी नको, पुष्कळांना तीच आठवते. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. हाच धोका आहे. पालक भाषण ऐकत नाहीत, प्रश्न विचारतात. तेव्हा मीटिंगचं रजिस्टर घरी मागवून सही करावी. माझी वहिनी दोन वर्षं सभासद आहे, तिनं नगरसेवकांची सही ओळखीची झाल्याचं सांगितलं. चेहरा अजून बाकी आहे.

शिक्षक मिळाले की कामाला लावा. कायद्याचं २७ वं कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षणाबाहेरची कामं त्यांना देऊ नका म्हणतं. म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयाद्या तपासणं कायदेशीरच झालं. पाचवीचा वर्ग तोवर चौथीत बसवता येतो.

आता वहिनीचा प्रश्न. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. भाची म्हणे यात पटाईत आहे. पाठ दाराला आणि हातात पुस्तक, पाढे तिथंच पाठ केले. कडी बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. तुम्हाला खिशातून देण्याचा मोह होईल. आवरा! पन्नास रुपयांच्या कडीवर चार नावं कोरायची कुठं?

त्यापेक्षा अर्ज पुढं पाठवा. आचार्यांचा, म्हणजे मुख्याध्यापकांचा, अर्ज एका ऑफिसात गेला, तिथं म्हणाले इमारत आमची नाही. दुसऱ्यात म्हणाले इमारत आमची, पण दुरुस्ती त्यांची. तिसऱ्यानं अंदाजपत्रक मागितलं, त्यासाठी दाराची मापं मागितली. मधल्या पावसात दाराचं खालचं बिजागर गेलं आणि दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

परवा अर्ज शेरा घेऊन परत आला. वहिनीनं फोटो पाठवलाय: ‘स्थळपाहणी केली असता दार आढळून आले नाही. सबब कडीचा प्रश्न उपस्थित होत नाही. फाइल बंद.’