खुलासा : एमआरआय नॉर्मल म्हणजे नाटक नव्हे
'एमआरआय नॉर्मल आला, तरी पाय उचलत नाही म्हणजे पेशंट नाटक करतोय' असा मेसेज फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. हा फंक्शनल अशक्तपणा असू शकतो, म्हणजे नस शाबूत असूनही मेंदूचा हुकूम नीट न पोचल्याने आलेला खरा अशक्तपणा. त्याचं निदान स्कॅनवरून नाही, तर डॉक्टरांनी रुग्णाला हाताने तपासूनच होतं. रुग्णाला उताणं झोपवून अशक्त पायाच्या टाचेखाली हात ठेवा. 'टाच दाबा' म्हटलं तर जोर लागत नाही. पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला की तीच टाच हातावर घट्ट दाबली जाते. ही हूव्हर या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाची खूण, १९०८ पासूनची. ती रुग्णालाही दाखवा : नस शाबूत आहे, हुकूम पोचताना अडखळतो, म्हणून फिजिओथेरपीने सुधारणा होऊ शकते. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य मात्र टाळाच. ते ऐकून माणूस नव्या स्कॅनमागे धावतो. कंबर किंवा खुबा दुखत असेल तर ही खूण फसवते, तेव्हा आधी ते विचारा.