अपघात झाला? आधी माणूस शोधा!

बरं का मंडळी, हाताखाली चार माणसं असतील, मग रेल्वे असो नाहीतर कारखाना, कधी ना कधी अपघात होणारच, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जखमी मोजायच्या आधी माणूस शोधायचा. कोणता? सगळ्यात कमी पगाराचा. आणि तो त्या अपघातातच गेलेला असला तर सोन्याहून पिवळं, कारण मेलेला माणूस चौकशीत उभा राहून "साहेब, कागद तुमच्याच लोकांनी दिला होता" असं म्हणत नाही.

१७ जून २०२४ चंच बघा ना. न्यू जलपाईगुडीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडकली. पहाटेपासून ऑटोमॅटिक सिग्नल बंद पडलेले, लाल सिग्नल ओलांडायचा लेखी परवाना स्टेशनातनंच हातात दिलेला, तरी त्याच दिवशी रेल्वेवाले सांगून मोकळे झाले की मालगाडीच्या लोको पायलटनं सिग्नल तोडला. तो तर गेला होता. पुढं रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं की त्या कागदावर वेग किती ठेवायचा तेच नव्हतं, शिवाय असल्या वेळी काय करायचं हे लोकांना नीट शिकवलेलंच नव्हतं. पण तोवर बातमी शिळी झालेली असते हो, कोण वाचतंय!

दुसरं म्हणजे जुनी वायरिंग उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. इंटरलॉकिंग ही लय तापदायक गोष्ट आहे, पॉइंट (रूळ बदलायचा सांधा) लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळाला, वळलेला असेल तर मेन लाइनचा सिग्नल हिरवा होऊच द्यायचा नाही हे तिचं काम, म्हणजे माणूस चुकला तरी गाडी वाचणार, मग चार्जशीट द्यायची कुणाला? ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात २ जून २०२३ ला चुकीच्या जोडणीनं तो अडसर दूर केला, कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला, गाडी गेली लूपवर उभ्या मालगाडीत. फाटकाजवळच्या सिग्नलच्या पेटीत वायरींवरची लेबलं चुकीची, आणि तसलाच वायरिंगचा घोळ त्याच झोनमध्ये २०२२ लाच झाला होता. पण त्यात कुणी मेलं नव्हतं ना, मग त्यातनं शिकायचं कशाला?

आता आमच्या मनमाड-मुदखेड लाइनवर पण 'कवच' बसवलंय. ड्रायव्हरनं लाल सिग्नलला ब्रेक नाही लावला तर ते स्वतःच लावतं. काय बोलावं!

कारखानेवाल्यांनी घाबरू नये, आपल्याकडं तेवढी प्रगती नाही. जालन्याच्या एमआयडीसीत मी होतो तिथल्या पॉवर प्रेसला (पत्रा दाबायच्या मशीनला) दोन बटणं होती, दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस खाली यावी म्हणून. टार्गेट वाढलं, एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधून टाकलं, सगळ्या शिफ्टला माहीत, सुपरवायझरला माहीत, पीस वाढले म्हणून पेढे पण वाटले. मग एका पोराची दोन बोटं गेली. रिपोर्टमध्ये काय लिहिलं? "कामगाराचा निष्काळजीपणा." पोरगं बदनापूरकडचं, कंत्राटी, शो-कॉजचं उत्तर डाव्या हातानं लिहून आणलं.

४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ मात्र चुकवू नका. हेल्मेट घालून ओळीत उभं राहायचं, साहेबांना मधी घ्यायचं. फक्त ग्रुपवर फोटो टाकताना नीट बघा, मागं प्रेस दिसते, बटणावरची चिकटपट्टी पण दिसते, तेवढं क्रॉप करा.