टोपीत ब्लेड आणि बाहीला शेंबूड

‘सुटाची सात रहस्यं, जी तुमचा टेलर तुम्हाला कधीच सांगणार नाही.’ हा फॉरवर्ड गेल्या महिन्यात मला चौघांकडून आला. तीनदा हसून सोडून दिला. चौथ्यांदा पाठवणारा माझा सख्खा भाचा निघाला, आणि खाली त्याची ओळ: ‘मामा, पाचवा पॉइंट बघ, आपल्याला सेम तसंच करायचंय.’ आमचं शिलाईचं दुकान वडिलांपासूनचं. भाच्याचं लग्न मेमध्ये, अकोल्याला. संगीतला तो आणि त्याचे पाच मित्र ‘पीकी ब्लाइंडर्स’ या इंग्रजी टीव्ही मालिकेतले 1920 च्या बर्मिंगहॅमचे गुंड होऊन नाचणार आहेत. तेव्हा टेलर जे कधीच सांगत नाही ते आता सांगतोच.

पाचव्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांनी कुणाचं रक्त निघणार नाही. फॉरवर्ड म्हणतो, ‘पीकी ब्लाइंडर्स टोळीचे लोक कॅपच्या पुढच्या भागात दाढीचं ब्लेड शिवत आणि शत्रूला आंधळं करत, म्हणून हे नाव.’

या टोळीचं नाव बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात छापून आलं मार्च 1890 मध्ये. अ‍ॅडर्ली स्ट्रीटवरच्या एका पबमध्ये जिंजर बिअर मागवणाऱ्या माणसाला या पोरांनी गाठून बूट आणि पट्ट्याच्या बकलांनी फोडलं होतं. आता ब्लेडचं बघा. पातळ, वापरून फेकायचं ब्लेड जिलेटनं विकायला काढलं 1903 मध्ये, तेही अमेरिकेत. पहिल्या वर्षी खपले 51 रेझर आणि 168 ब्लेडं. म्हणजे टोळीचं बारसं झालं तेव्हा टोपीत शिवायला ब्लेडच नव्हतं. होता तो न्हाव्याचा वस्तरा. तो टोपीत शिवून दाखवा, शिलाई मी देतो.

कार्ल चिन हे बर्मिंगहॅमचे इतिहासकार, त्यांचे पणजोबाच या टोळक्यातले. त्यांनी ही ब्लेडची गोष्ट साफ खोडून काढली आहे. पीक म्हणजे कॅपचा पुढे आलेला भाग, आणि ‘ब्लाइंडर’ त्यांच्या बोलीत झकपक दिसणाऱ्या माणसाला म्हणत, असं ते सांगतात. शिवाय या टोळ्यांचा जोर 1890 च्या आसपासचा. 1920 चं साल मालिकेनं दिलंय. खऱ्या टोळीतल्या पोरांच्या गळ्यात रेशमी रुमाल असे आणि खाली घेरदार बेलबॉटम. वेस्ट मिडलंड्स पोलिसांच्या संग्रहात 1904 च्या सुमाराचे अशा काही पोरांचे अटकेचे फोटो आहेत. त्यातला एक गजाआड गेला तो सायकल चोरली म्हणून.

तरी मी एका जुन्या कॅपच्या पीकमध्ये अर्धं ब्लेड घालून बघितलं. पीकमध्ये आत बक्रम, म्हणजे कडक खळीचं कापड असतं, त्यावर कापड ताणून कडेनं टीप मारतात. दोन टाके पडले, तिसऱ्याला ब्लेडनं दोराच कापला. आणि भाच्याच्या बहिणीची पोर दोन वर्षांची आहे. मामाच्या डोक्यावरची टोपी ओढणं हा तिचा सध्याचा पूर्णवेळ उद्योग. हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, ‘अरे मामा, प्लास्टिकचं ब्लेड.’ मग प्लास्टिकचंच घ्यायचं तर टोळीचं काय कौतुक?

पहिला मुद्दा बाहीवरच्या बटणांचा. सैनिक बाहीला शेंबूड पुसायचे म्हणून नेपोलियननं तिथे पितळी बटणं लावायला लावली म्हणे. हीच गोष्ट इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या नावावर खपते, प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्याही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं कुठल्याही युरोपियन बड्या माणसाचं चित्र काढा, कोटाच्या उलट्या मुडपलेल्या कफवर बटणांची रांग दिसेल. नेपोलियन जन्मला 1769 मध्ये. आणि जरा स्वतःचा हात नाकाशी नेऊन बघा. पुसताना अंगठ्याकडची बाजू वर येते. बटणं असतात करंगळीकडे, मागच्या शिवणीवर. ज्यानं आयुष्यात एक बाही शिवली असेल तो ही थाप मारणार नाही.

वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायचं, हे मात्र बरोबर. कारण म्हणून एडवर्ड सातव्याचं पोट सांगितलंय. पोट होतं, त्याला चारचौघं मागून ‘टमटम’ म्हणत. पण राजा लांब राहिला. वेस्टकोट खाली टोकदार कापलेला असतो, शेवटचं बटण त्या उतारावर येतं, लावून बसलात की चुण्या पडतात. एवढं पुरे आहे.

‘तेव्हा रेडीमेड नव्हतं, मजूरसुद्धा अंगावर मापाचा सूट शिवायचा.’ लीड्सच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बँडसॉनं, म्हणजे पट्ट्यासारख्या फिरत्या करवतीनं, कापडाचे थर एकदम कापून रेडीमेड कपडे निघत होते. मजुराच्या घरी रविवारचा सूट असे, कबूल. तो सोमवारी गहाण पडायचा आणि शनिवारी पगार झाला की सुटायचा. फोटोत हे दिसत नाही.

‘हा राजघराण्याचा पोशाख.’ उलट. आपण सूट म्हणतो तो तेव्हाचा घरगुती, सैलसर प्रकार. मोठ्या प्रसंगी फ्रॉक कोट नाहीतर मॉर्निंग कोट, हे लांब औपचारिक कोट. दरबारातून फ्रॉक कोट अधिकृतपणे गेला 1936 मध्ये. तेव्हाच्या पँटला झिप होती, या मुद्द्याला एक ओळ: 1910 च्या पँटला बटणं आणि गॅलिस, पुरुषांच्या पँटला झिप रुळली ती 1930 नंतर.

राहिला सातवा, ‘जुनं ट्वीड श्वास घेतं, उन्हाळ्यातही थंड.’ ट्वीड म्हणजे जाड लोकरी कापड. त्या काळचं सुटाचं कापड सोळा ते वीस औंसांचं, म्हणजे वाराला अर्धा किलोच्या आसपास. इंग्लंडच्या थंडीत, कोळशाच्या एका शेगडीवर तापणाऱ्या खोलीत ते ठीक. अकोल्याच्या मेमध्ये नवरदेवाला वरातीतून थेट सलाइनवर न्यावं लागेल. गरम भागातल्या लोकांनी तेव्हाही ट्वीड घातलं नाही. न्यू ऑर्लिन्सचे जोसेफ हॅस्पेल 1909 च्या सुमाराला सीरसकरचे सूट शिवू लागले: पातळ सुती, चुणीदार, अंगाला चिकटत नाही. आणि सीरसकर हा शब्द मूळचा फारसीतला, शीर-ओ-शकर, दूधसाखर; इंग्रजांनी तो आपल्याकडूनच उचलला.

तर भाचेबुवा, सीरसकर नाहीतर हलकं लिनन, अस्तर फक्त खांद्याला, वेस्टकोटाची पाठ सुती. कॅपमध्ये बक्रम. रविवारी ट्रायलला ये, आणि बूट घालून ये. चपलेवर पँटची उंची मापता येत नाही.