लिमिट वाढवली, पण कुणाची?

स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे लॅबमधल्या मशिनींच्या वतीने वेबसाइटशी बोलणारा प्रोग्रॅम. लिनक्स प्रत्येक प्रोग्रॅमला एका वेळी किती फाइली आणि कनेक्शनं उघडी ठेवता येतील याची लिमिट लावतं; ती संपली की स्क्विड ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणून रडतो. ही लिमिट मोजून-मापून सिस्टिमडीत, म्हणजे मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवणाऱ्या यंत्रणेत, वाढवा असं मी लिहिलं होतं. त्यावर लातूरच्या एका वाचकांनी चांगलंच झापलंय. त्यांचं म्हणणं असं: ‘लिमिट्स.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी टाकल्या, लिमिट दाखवणारी यूलिमिट कमांड ६५५३५ दाखवतेय, कॉलेजचा प्रॉक्सी मस्त चालू आहे. सिस्टिमडीचं झंझट कशाला? आणि आकडा मोजत बसण्यापेक्षा सरळ दहा लाख टाकून मोकळं व्हावं.’

दादा, तुमचा प्रॉक्सी चालतोय हे मान्य. पण तो का चालतोय ते बघा. लिमिट्स.कॉन्फ ही फाइल पॅम, म्हणजे लिनक्सची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा, वाचतं, आणि तेही लॉगिनच्या वेळी. तुम्ही एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत गेलात, तुमच्या शेलला (कमांड टाइप करतो त्या प्रोग्रॅमला) ६५५३५ मिळाले, त्याच शेलमधून स्क्विड हाताने उठवला असणार. मग त्यालाही तेच मिळाले. आता आपल्याकडच्या लाईटचा काय भरवसा? रात्री लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, पहाटे मशीन आपोआप सुरू झालं. या खेपेला स्क्विड सिस्टिमडीने उठवला. तिथं लॉगिन झालंच नाही, तर तुमच्या दोन ओळी वाचणार कोण? स्क्विडच्या युनिटमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या सेटिंग फाइलमध्ये, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर सॉफ्ट लिमिट (प्रत्यक्ष लागू असते ती) परत १०२४. तुम्ही आत जाऊन यूलिमिट बघाल तर तिथं ६५५३५च दिसेल, कारण ती तुमच्या शेलची लिमिट. स्क्विडची बघायची तर प्रोक या फोल्डरमध्ये त्याच्या पीआयडीखालची (प्रोसेस क्रमांकाखालची) लिमिट्स फाइल उघडा.

१०२४ म्हणजे किती, तेही बघू. एका कनेक्शनला ब्राउझरकडचं एक सॉकेट आणि वेबसाइटकडचं एक, असे दोन डिस्क्रिप्टर जातात (डिस्क्रिप्टर म्हणजे प्रत्येक उघड्या फाइलीला किंवा कनेक्शनच्या टोकाला, म्हणजे सॉकेटला, मिळणारा क्रमांक; लिमिट मोजते ते हेच). डिस्कवर कॅश होत असेल तर तिसराही. लॅबमधल्या पन्नास मशिनींनी दहा-दहा कनेक्शनं धरली की हजार संपले. बारावीच्या निकालाच्या दुपारी हे व्हायला कितीसा वेळ लागतो!

इलाज छोटा आहे. ‘सिस्टिमसीटीएल एडिट स्क्विड’ ही कमांड द्यायची, उघडेल त्या फाइलीत सर्व्हिस सेक्शनखाली लिमिटनोफाइल १६३८४, आणि रिस्टार्ट. सिस्टिमडीच्या आधीच्या जुन्या मशिनींवर प्रोग्रॅम उठवणाऱ्या इनिट स्क्रिप्टमध्येच यूलिमिटची ओळ घालायचे, तिथं हा प्रश्न नाही.

दहा लाखांचं मात्र मुळीच ऐकू नका. स्क्विड सुरू होतानाच लिमिटच्या मापाने डिस्क्रिप्टरचं टेबल मेमरीत मांडतो, वापर असो वा नसो. कंटेनरमध्ये (एकाच मशिनीत प्रोग्रॅमसाठी केलेल्या वेगळ्या कप्प्यात) ही लिमिट कधी कधी १०७ कोटींच्या घरात येते. तिथं स्क्विड सगळी रॅम गिळून उठायच्या आधीच आडवा होतो. शिवाय लॅबला कुलूप असतानाही उघड्या डिस्क्रिप्टरचा आकडा चढतच असेल, तर कुठेतरी कनेक्शनं बंद होत नाहीयेत. तिथं लिमिट वाढवून फक्त मरण पुढे ढकललं जातं.

सुट्टीच्या दिवशी मशीन एकदा रिबूट करा, स्क्विडला हात लावू नका. स्क्विडच्या कॅश लॉग या नोंदींच्या फाइलीत सुरुवातीलाच ‘फाइल डिस्क्रिप्टर्स अव्हेलेबल’ अशी ओळ येते. तिच्यातला आकडा इथं टाका, मग पुढचं बोलू.