प्रतिक्रियेला उत्तर : हरिपाठाची फी कोणाला द्यायची?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सोवळं-ओवळं, व्रतं, सत्यनारायण हे सगळं मी सोडलं. संध्याकाळचा हरिपाठ मात्र सुटलेला नाही, म्हणून मी स्वतःला धार्मिक नाही, आध्यात्मिक समजते. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. सुरुवातीला 'ताई, जरा अभ्यास करा', मधे 'शहरी बायकांचं सोयीचं अध्यात्म' आणि शेवटी जोडलेले हात. वादाला माझी हरकत नाही. पण आधी पाणउतारा करायचा आणि मग नमस्कार, ही कुठली रीत? समोर बसून असं बोलला असतात का?

एक गोष्ट मान्य करते. माळ घातलेल्या माणसाला एकादशी आणि खाण्यापिण्याची पथ्यं सांभाळावी लागतात, ते सोपं नाही. पण मी माळकरी असल्याचं कधीच म्हटलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य : 'धर्म न पाळता अध्यात्माच्या गप्पा म्हणजे फी न भरता वर्गात बसणं.' ही फी ठरवली कोणी? चोखोबांनी कोणती फी बुडवली होती? त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे, महाद्वाराच्या बाहेर. त्यांच्या समाजाला आत जाऊन विठ्ठलाचं दर्शन घ्यायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी प्राण पणाला लावून उपोषणाला बसले तेव्हा. दार अडवणारे नियम पाळण्यात कुठेच कमी नव्हते. स्नान, संध्या, सोवळं, सगळं यथासांग. आणि अरणचे सावता माळी? मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असं परंपराच सांगते. त्यांना संत म्हणताना वारकऱ्यांनी हजेरीपट मागितला नाही.

अभ्यास म्हणता, तर माझा अभ्यास घरातच झाला. आजीचं सोवळं कडक. तिचं सोवळ्याचं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं असायचं. त्याखालून जातानाही आम्ही मुलं अंग चोरायचो. कामाच्या मावशींनी घासलेली भांडी पुन्हा पाण्यातून काढल्याशिवाय ती आत घेत नसे. मावशींना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला. याच मावशी आषाढीला पायी पंढरपूरला जायच्या. परत आल्या की प्रसादाची पुडी आणायच्या. आजी ती उंबऱ्यावर ठेवायला लावायची, पाणी शिंपडायची आणि मग उचलायची. विठ्ठलाचा प्रसाद, आणि त्यावर पाणी!

आजी दुष्ट नव्हती. माझ्यावर तिचा फार जीव होता. तिला जे धर्म म्हणून शिकवलं गेलं, तेच ती मनापासून करत होती. म्हणूनच मला ते सोडावंसं वाटलं. यात सोय कसली? लग्नानंतर सत्यनारायणाला नाही म्हटलं, तर सासरी कितीतरी दिवस माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. वास्तविक पूजेला बसणं जास्त सोयीचं होतं.

देवळांची देखभाल कोण करणार, मुलांना सणवार कोण शिकवणार, असं बरंच तुम्ही पुढे लिहिलंय. माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता, त्यामुळे त्यात शिरत नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर मुद्द्यावर लिहा, मी उत्तर देईन. 'शहरी बायका' वगैरे पुन्हा आलं तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.