चिठ्ठी नको, बी.पी. नको, नुसती गोळी द्या!

श्रावण लागला की आमच्या बेळगावातल्या मेडिकलांत पाळी पुढे ढकलायची गोळी चॉकलेटसारखी खपते. आधी मंगळागौर, मग गौरी-गणपती, कुणाच्या गावची लक्ष्मी यात्रा, मार्गशीर्षात सौंदत्तीची यल्लम्मा. ऐन वेळी 'अडचण' नको म्हणून सासू सुनेला, आई लेकीला ती आणून देते. आणि याच घरांत माला-डी या गर्भनिरोधक गोळीचं नाव काढलं की, "नको गं बाई, हार्ट खराब होतं त्यानं!"

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट पण बघते, बायकांचे समज पण ऐकते. ही भीती चुकीच्या गोळीला चिकटली आहे, असं माझं स्पष्ट मत.

पाळी ढकलायच्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे रोज 15 मिलिग्रॅम. हेच औषध गर्भनिरोधक म्हणून एकटं देतात तेव्हा डोस असतो 0.35 मिलिग्रॅम! शिवाय एवढ्या डोसात त्याचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑल बनतो, म्हणजे माला-डीमधलंच इस्ट्रोजन हार्मोन. चार दिवस घेतली म्हणून कुणी मरत नाही, पण जिला मायग्रेन आहे, बी.पी. आहे, पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेली आहे, तिला कुणी विचारायला नको? काउंटरवर फक्त "किती पाकिटं?" एवढंच विचारतात.

आता कोलेस्टेरॉल. इस्ट्रोजननं वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) थोडं उतरतं, चांगलं (एचडीएल) वाढतं, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात. माला-डीत त्याच्या जोडीला लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे दुसरं हार्मोन आहे, ते एचडीएल खाली ओढतं. एक वर, एक खाली. धडधाकट तरुण बाईच्या हृदयाला या फरकानं सहसा काही होत नाही. खरी काळजी रक्ताच्या गाठीची आणि बी.पी.ची. तिथंही आकडे बघा. गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला 1 ते 5 जणींना गाठ होते, मिश्र, म्हणजे माला-डीसारखी दोन हार्मोनची गोळी घेणाऱ्यांत 3 ते 9, गरोदरपणात 5 ते 20, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत याहूनही जास्त. म्हणजे गोळीला घाबरून नको असलेलं बाळंतपण पत्करणाऱ्या बाईनं जास्त धोका घेतला की नाही?

पाळी गेल्यावर मात्र कोलेस्टेरॉलचं खरंच बिघडतं. इस्ट्रोजन आटतं, एलडीएल वाढतं. लिपिड प्रोफाइलला, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीला, नवऱ्याला घेऊन येणाऱ्या काकू स्वतः कधी हात पुढे करत नाहीत. धाप लागली, जबडा-पाठ दुखली, मळमळलं, ही हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात, तरी "पित्त झालंय"!

आणि एक गोष्ट आपल्याच भागाची. 35 च्या पुढची बाई सिगारेट ओढत असेल तर तिला मिश्र गोळी देत नाहीत. म्हणून दवाखान्यात विचारतात, "तंबाखू ओढता का?" बाई "नाही" म्हणते, आणि खोटं बोलत नाही. ती ओढत नाही, सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते. निपाणी-चिकोडीकडं तर घराघरात. धुराचे सगळे तोटे मिश्रीत नसतील, पण निकोटीन तेच, त्यानं नाडी आणि बी.पी. वाढायचं ते वाढतंच. वर फॉर्म कन्नडात, घाईत भरलेला. खानापूरकडच्या मराठी बाईनं त्यात काय वाचायचं?

तेव्हा आशाताईंनो, नर्सबाईंनो, सरळ "मिश्री लावता का?" असंच विचारा, आणि दंडाला पट्टा बांधून बी.पी. बघा. 140/90 किंवा त्याच्या वर असेल तर मिश्र गोळी नको. कॉपर-टी आहे, तिच्यात हार्मोनच नाही. नाहीतर छाया, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली बिनहार्मोनची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. पीसीओडी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर ती चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगायचं. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.